हेलिकॉप्टरने वाळवलेल्या कुरडया

आमच्या कुटुंबाला वाळवंटातून वाचवण्यात आलं, तेव्हा आमच्यापैकी कोणीही संकटात नव्हतं.

म्हणजे, खरं सांगायचं तर आईच्या कुरडया होत्या. कॅलिफोर्नियात काकांच्या मुलीचं लग्न होतं. काका-काकू दोघंही डॉक्टर. माझी आई दहावीपर्यंत शिकलेली आणि बाबा टेक्सासमध्ये, अर्विंगमधल्या एका देशी दुकानाच्या किचनमध्ये समोसे तळतात. काकू फोनवर आईला प्रेमाने म्हणाल्या, "सुनीता, रुखवताच्या कुरडया मी ऑनलाइन मागवते गं. तू कशाला उगाच त्रास घेतेस?"

तो 'उगाच' आईला दोन दिवस टोचत राहिला. तिसऱ्या दिवशी तिने गहू भिजत घातले.

पण आमच्या अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत काही वाळत घालायला बंदी. घरात पंख्याखाली घातलेल्या पहिल्या घाण्याला हिरवी लव आली. तेव्हा मी, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस, अतिशय नम्रपणे म्हणालो, "आई, आपण व्हॅनने जातोच आहोत. वाटेत ॲरिझोनात वाळवंटात कॅम्पिंग करू. सरकारी मोकळी जमीन असते, कुठेही उतरा. आणि हवा इतकी कोरडी की रुमालसुद्धा पाच मिनिटांत वाळतो."

मला फक्त तारे बघायचे होते, देवाशपथ!

निघालो. मी थंड पाण्यासाठी घेतलेल्या कूलरमध्ये पाणी नव्हतं, भिजलेल्या गव्हाचा चीक होता. (ज्यांनी आंबलेल्या गव्हाचा वास बंद व्हॅनमध्ये सगळा टेक्सास ओलांडेपर्यंत घेतलेला नाही, त्यांनी मला सहनशक्तीबद्दल काही सांगू नये.) माझी धाकटी बहीण सई खिडकीबाहेर डोकं काढून बसली होती.

"मॉम, समथिंग डाइड इन हिअर."

"काही मेलेलं नाही. नाक पुढे कर आणि गप्प बस."

ॲरिझोनात कच्च्या रस्त्याने बरंच आत जाऊन मुक्काम केला. सकाळी जाग आली तेव्हा आईने गॅसच्या शेगडीवर चीक शिजवलाही होता आणि बाबा सोऱ्या घेऊन, घाम पुसत, पिळायला तयार होते.

"ओंकार, कशावर घालू रे? प्लॅस्टिक घरीच राहिलं."

इथे माझं शिक्षण उफाळून आलं! माझ्याकडे थंडीसाठी आणलेली, चांदीच्या वर्खासारखी चमकणारी पातळ ब्लँकेट्स होती. मी म्हणालो, "यावर घाल. ऊन खालूनही परावर्तित होईल. दोन्ही बाजूंनी वाळतील."

ब्लँकेट्स टोकाला टोक जोडून मी दोन लांब पट्टे केले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून ते मधोमध एकमेकांवर आडवे टाकले आणि त्या जागी एक मोठा दगड ठेवला. एका दगडात दोन पट्टे! शिवाय चारही बाजूंनी हात पोचतो, कुठे पाय पडायला नको.

आईने त्या फुलीकडे कौतुकाने पाहिलं. "शिकल्याचा उपयोग होतो हं!"

हे वाक्य ऐकायला मी दोन सेमिस्टर थांबलो होतो.

दुपारपर्यंत कुरडया मस्त आकसायला लागल्या. तेवढ्यात एक छोटं विमान आलं आणि आमच्यावर घिरट्या घालू लागलं.

"अरे, आपल्याला बघतोय तो! हात करा, हात करा!" बाबा म्हणाले आणि खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही हातांनी फिरवू लागले. मीही उड्या मारून हात हलवले. विमानाने पंख डावी-उजवीकडे झुकवले.

"बघितलंस? त्यानेही हात केला. अमेरिकन माणसं मनमिळाऊ!"

तासाभराने मनमिळाऊपणाचं हेलिकॉप्टर आलं.

ते खाली येऊ लागलं तशी धूळ उठली आणि पहिली कुरडई सुटली. मग दुसरी. मग अख्खी रांग थव्याने उडाली!

"अरे माझं रुखवत!" आई ओरडली आणि उरलेलं वाचवायला सरळ पट्ट्यावर पालथी पडली.

आता वरून काय दिसत असेल, याचा जरा विचार करा. वाळवंटात एक भलीमोठी चमकती फुली. तिच्यावर निपचित बाई. शेजारी एक मनुष्य पंचा फिरवत "जा! जा! लांब जा!" असं काकुळतीने ओरडतोय. हेलिकॉप्टर आणखी खाली आलं.

अखेर ते थोडं पलीकडे उतरलं. एक मेडिक बाई बॅग घेऊन धावत आली आणि आईपाशी गुडघ्यांवर बसली.

"मॅम, कॅन यू हिअर मी?"

"ओंकार, हिला सांग मला हलवू नको! पोटाखालच्या ओल्या आहेत!"

मी घसा खाकरला. "शी इज फाइन. इट्स... वेडिंग फूड. इट नीड्स सन."

बाईने आईकडे पाहिलं. फुलीकडे पाहिलं. मग शांतपणे मला समजावलं, की उघड्यावर अशी फुली घालणं म्हणजे आकाशातून जाणाऱ्यांना 'इथे डॉक्टर हवाय' असं सांगणं. दोन्ही हात हलवले की खात्रीच पटते.

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"ही इज इन कॉलेज," सई म्हणाली.

माझे कान तापले. सकाळपासून मी पाणी प्यायलो नव्हतो (कूलरमध्ये चीक होता, हे मी सांगितलंच). डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच मटकन खाली बसलो. मेडिक बाईचा चेहरा उजळला. इतक्या लांब आल्याचं सार्थक झालं होतं!

मग मला स्ट्रेचरवर आडवं करून हाताला सलाईन लावलं. तिथून मला सगळं नीट दिसत होतं. आई उठली, पदर खोचला आणि रेस्क्यू टीमला हुकूम सोडू लागली. धिप्पाड पायलट आपल्या हेल्मेटमध्ये कुरडया गोळा करत होता. बाबा काटेरी झुडपांतून एकेक सोडवत होते.

"स्लो, भाऊ, स्लो! चुरा होईल!" आई पायलटवर ओरडली.

"येस, मॅम!"

जरा गंमत अशी, की उडालेल्या कुरडया त्या वाऱ्याने खडखडीत वाळल्या होत्या. सईने आपल्या मेकअपच्या ब्रशने त्यांच्यावरची रेती झटकली. एक परात शिगोशीग भरली. आईने तिला दोनदा हात लावून पाहिला आणि मग पहिल्यांदा हसली.

लग्नात रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची ही गर्दी! काकूंनी एक कुरडई उजेडात धरली. "सुनीता, इतक्या पांढऱ्याशुभ्र कशा गं झाल्या? आमच्या ऑनलाइनवाल्यांना नाही जमत अशा."

"ऊन चांगलं मिळालं, ताई," आई मान ताठ करून म्हणाली. "हे पिळायला होते. सईने साफ केल्या. वारा घालायला सरकारी हेलिकॉप्टर होतं."

"अगंबाई! आणि ओंकारने काय केलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आशेने तिच्याकडे पाहिलं.

"तो ना," आई म्हणाली, "तो पेशंट होता."