विमलताईंचा माहूरगड

तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा विमलताईंच्या मुलाचा, प्रदीपचा फोन आला. "मावशी, आई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. मांडीवरचं सूप तसंच राहिलं... विमलताईंना जाऊन आता पाच आठवडे झाले. उमरीच्या शाळेत आम्ही बावीस वर्षं सोबत शिकवलं. त्या इतिहास शिकवायच्या, मी मराठी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मला नेहमी 'सरू' म्हणायच्या आणि मी त्यांना ताई.

खरी ओळख झाली ती माहूरच्या सहलीत. पोरांना रेणुकामातेच्या दर्शनाला मी न्यायचं आणि किल्ल्यावर ताईंनी, असं ठरलं होतं. ताई बौद्ध घरातल्या. देवळात जात नसत, आणि त्याचा गाजावाजाही करत नसत. पायऱ्यांखाली थांबून आमच्या चपला सांभाळायच्या. मी खाली आले की देवीचा विड्याचा तांबूल मात्र हक्कानं मागून घ्यायच्या. प्रसाद म्हणून नाही, गोड लागतो म्हणून, असं हसून सांगायच्या. त्या सहलीत दर्शन झाल्यावर पोरांची रांग पलीकडच्या किल्ल्याकडे निघाली. हत्ती दरवाज्यात शिरताना ताईंनी स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या. मी चकित होऊन बघत राहिले. चाकूरकडे त्यांच्या आजोबांचा जन्म रस्त्याची खडी फोडण्यात गेला होता, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी त्या तटाच्या दगडावर तळवा टेकवून पोरांना म्हणाल्या, "राजे कोण कोण झाले ते परीक्षेत लिहा. पण हा धोंडा एवढ्या वर कुणी आणला, त्याचं नाव कुठंच न्हाई. म्हणून इथं जरा दमानं चालायचं."

पुढं दरवर्षी हिवाळ्यात आम्ही दोघीच जाऊ लागलो. भोकरला बस बदलायची, खिडकीची जागा त्यांची, भाकरी त्यांची, ठेचा माझा. खरं सांगायचं तर किल्ल्यावर माझं मन फारसं रमत नसे. देवीची ओटी भरली की माझी वारी संपायची. वर ताई तटावरून खालचं जंगल बघत उभ्या राहायच्या आणि मी परतीच्या बसची आठवण काढत राहायची.

माझे मालक वारले त्या वर्षी मी निघणारच नव्हते. आता कसली ओटी, असं जाऊबाई बोलल्या होत्या, आणि मलाही ते पटलं होतं. ताई घरी आल्या, ओसरीवर बसून चहा घेतला आणि किल्ला बघायला तर चल म्हणाल्या. गेलो. देवळाच्या पायऱ्यांपाशी माझे पाय थबकले. ताईंनी समोरच्या दुकानातून खण-नारळ घेतला, माझ्या हातात दिला.

"तुमच्याच गोष्टीत ह्या देवीचाबी नवरा गेलेला हाय ना? मग तिला तू चालणार न्हाई, हे कोण ठरवून राहिलंय?"

मी रडायला लागले. तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "मी हात जोडणार न्हाई, सरू. पण तुझ्यासंगं उभी राहते." आणि इतक्या वर्षांत न चढलेल्या त्या पायऱ्या त्या माझ्याबरोबर चढल्या. गाभाऱ्यासमोर माझ्या शेजारी ताठ उभ्या होत्या. मी ओटी भरली. कुणी अडवलं नाही. त्या दुपारी मी पहिल्यांदा, बसचं नाव न काढता, त्यांच्यासोबत किल्ल्यावर ऊन उतरेपर्यंत बसले.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी तीनदा फोन केला. माझे गुडघे धरले होते, मग निलंग्याला लेकीकडं जायचं निघालं... उन्हाळा जाऊ द्या, मग बघू, असं मी म्हणत राहिले. त्यांनीही ताणलं नाही. त्यांना बरं नव्हतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

ताई गेल्यावर घरी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा ताईंच्या सुनेनं मला त्यांच्या खोलीत नेलं. कपाटाच्या दाराला आतून वहीचा कागद चिकटवलेला होता. फळ्यावर लिहायच्या त्याच टपोऱ्या अक्षरात बसच्या वेळा, आणि त्याखाली किल्ल्याची चढण नीट टप्पे पाडून लिहिलेली. पहिल्या वळणावर दहा मिनिटं. हत्ती दरवाज्यात पंधरा मिनिटं. पुढं कंसात: सरूला दम खाऊ द्यायचा, घाई न्हाई.

सुनेनं तो कागद हलकेच सोडवून मला दिला. मागच्या आठवड्यात मी एकटीच गेले. भोकरला बस बदलली, खिडकी मोकळी ठेवून कडेला बसले. हत्ती दरवाज्यात चपला काढल्या आणि सावलीत टेकले. माझा दम पाचच मिनिटांत परत आला होता. तरी पंधरा मिनिटं पुरी झाल्याशिवाय मी उठले नाही.