विंचूरचा गुडघा आणि मी न केलेले फोन

भूतखेत, संकेत-बिंकेत या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी नाशकात फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट म्हणाला, "ताई, अमावस्येला जास्त दुखतं," की मी त्याला दोन व्यायाम वाढवूनच देते! तरी हे लिहितेय... वाचा, आणि हवं तर हसा.

कोरोनाची दुसरी लाट. विंचूरच्या माझ्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लगेच हाडांचा अख्खा वॉर्ड कोविडसाठी घेतला. बाकीच्यांची ऑपरेशनं रद्द, आत्याला घाईघाईत डिस्चार्ज. नवा गुडघा सुरुवातीलाच वाकवला नाही तर तो आखडून बसतो, आणि कोणाच्या घरी जाऊन व्यायाम घेणं तर बंदच! मग मी रोज सकाळी तिच्या लँडलाइनवर फोन करायचे. तिची सून, म्हणजे आमची वहिनी, स्पीकर लावून पोरांच्या कंपासमधल्या कोनमापकाने गुडघा मोजायची.

आत्या रडायची, मला शिव्या घालायची. तिचं घर कांदा मार्केटजवळ, म्हणून मी सरळ लिलावच पुकारायला लागले — "सत्तर एक बार... सत्तर दो बार... पंच्याहत्तर कोण बोलतंय?" आत्या हसायची आणि हसता हसता पाय वाकवायची.

आणि मग मलाच कोरोना झाला. थेट ऑक्सिजनवर. माझा फोन बंद करून नवऱ्याकडे. आत्याने हाय खाल्ली असती, म्हणून तिला कळवायचं नाही असं घरात ठरलं. 'ड्युटी लागलीय' एवढं तरी सांगायचं होतं, पण धावपळीत तेही राहून गेलं. मी धड शुद्धीत नव्हते, पण डोक्यात एकच — गेला आत्याचा गुडघा!

घरी आले, अंगात जरा त्राण आलं, तशी नवऱ्याला घेऊन विंचूर गाठलं. आत्या ओट्यावर बसली होती. मला बघून उठली आणि काठीशिवाय चालत पुढे आली!

"आत्या, अगं व्यायाम कोणी घेतला?"

"कोनी म्हंजी? येडी का काय तू, सुजे? रोज सकाळी फोनवर वरडायची की!"

मी वहिनीकडे पाहिलं. "हो ताई, स्पीकर मीच लावायचे. तुमचाच आवाज होता," ती म्हणाली. माझा फोन तर तेव्हा नवऱ्याकडे बंद पडून होता!

"एक दिवस तेवढा तुझा आवाजच निघंना," आत्या सांगत होती. "लय धाप लागलेली. म्हणली, आत्या, आज तू पुकार. मंग म्याच पुकारलं — ब्याऐंशी... पंच्याऐंशी... नव्वद... तू हळूहळू हूं हूं करायला लागली. पंच्याण्णवला सोडलं म्या."

माझ्या मागे नवरा मटकन पायरीवर बसला. एका सकाळी माझा ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता. डॉक्टरांनी त्याला बोलावून 'मनाची तयारी ठेवा' म्हणून सांगितलं होतं. आणि मग तो आपोआप चढत गेला, पंच्याण्णवपर्यंत. हे त्याने मलासुद्धा तोवर सांगितलं नव्हतं.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. शास्त्र शिकलेली बाई मी, काय सांगू? त्या दिवशी आत्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले, एवढं मात्र खरं. तिला बिचारीला वाटलं, गुडघ्याचंच चाललंय.

"अगं, रडतीस काय अशी?" माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "झालं ना समदं बरं!"