मास्तरांचा डावा खुबा

गोल्फ शिकवता शिकवता मास्तरांची एकतीस वर्षं गेली. त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारलेली ऐकिवात नाही. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे मास्तर" म्हणायची. टोपी मागे सरकवून ते सरावाच्या मैदानावर उभे राहिले की भलेभले वकील-डॉक्टर शाळेतल्या पोरांसारखे खाली मान घालायचे. "खांदे वळले, पण कंबर कुठाय? घरी विसरून आलात का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि अशा माणसाची स्वतःची कंबर गेली दोन वर्षं वळत नव्हती. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. सकाळी मास्तर पलंगाच्या कडेवर बसून डावा पाय पुढे करायचे, बायको खाली बसून मोजा चढवायची, आणि दोघंही भलत्याच विषयावर बोलायची.

अशात क्लबच्या कमिटीने नवा नियम काढला. ज्याला शिकवायचंय त्याने आधी खेळून दाखवावं. अठरा होल, म्हणजे अठरा खळग्यांत चेंडू घालायचा, तोही जास्तीत जास्त ऐंशी फटक्यांत. मुदत तीन महिन्यांची. जमलं नाही तर शिकवणं बंद, भाड्याच्या स्टिक देतात त्या खिडकीत बसायचं. चांगल्या दिवशीसुद्धा मास्तरांचा आकडा सत्त्याऐंशीच्या खाली येत नव्हता.

सोय म्हणून कमिटीने व्यायामाच्या बाई नेमल्या होत्या. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण कामात पक्क्या. प्रत्येकाचं अंग तपासून त्याला त्याच्यापुरतं वेगळं पत्रक करून द्यायच्या. एकाचा व्यायाम दुसऱ्याने करायचा नाही, ही सक्त ताकीद.

"ज्याचं अंग जिथे अडतं तिथून सुरुवात करायची," त्या म्हणाल्या. "म्हणजे फटकाही सुधारतो आणि दुखापतही होत नाही. झोपा मास्तर, आधी खुबे बघू."

मास्तर झोपले खरे, पण डोकं भलतीकडेच चालू होतं. हा तपासणीचा कागद कमिटीकडे जाणार. डावा खुबा अडकलेला आहे हे त्यात लिहिलं की परीक्षेआधीच आपलं नाव कापणार. असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. बाईंनी गुडघा दुमडून पाय बाजूला नेला, तेव्हा मास्तरांनी कंबरेची डावी बाजू हळूच उचलली, अगदी बोटभर. पाय झोकात गेला. स्टुलावर बसून खांद्यावर काठी घेऊन वळायची वेळ आली, तेव्हा त्यांनी अंगाऐवजी काठीच सरकवली. लोक कुठे कुठे लबाडी करतात हे एकतीस वर्षं पकडणाऱ्या माणसाला ती जमणार नाही तर कुणाला?

"या वयात इतका मोकळा खुबा!" बाई खूश झाल्या. मास्तरही खूश झाले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना माणूस इतका आनंदात असतो, हे बघून हसावं की रडावं कळत नाही.

पत्रक मिळालं ते मोकळ्या खुब्याच्या माणसाचं. वजनदार चेंडू दोन्ही हातांत धरून कंबरेतून झटक्यात वळायचं आणि भिंतीवर फेकायचा. बारा वेळा उजवीकडून, बारा वेळा डावीकडून. पहिल्या महिन्यात चमत्कार झाला. फटका लांब जाऊ लागला, आकडा त्र्याऐंशीवर आला. मास्तर घरात शीळ घालत फिरू लागले.

मग पाठीत कळ सुरू झाली. आधी फेकताना, मग चालताना, मग नुसतं बसल्या बसल्याही. पायाला मुंग्या येऊ लागल्या.

"कसं वाटतंय?" बाई दर आठवड्याला विचारायच्या.

"एकदम झकास."

झकास म्हटल्यावर त्या बिचाऱ्या वजन वाढवायच्या. मास्तर दात-ओठ खात चेंडू फेकायचे आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन, नळ सोडून, भिंतीला धरून कण्हायचे. थांबावं असं रोज वाटायचं. पण थांबलं की खिडकी, आणि खिडकीत बसलेले मास्तर त्यांना डोळ्यांसमोर नको होते. जे शिष्य आज मान खाली घालतात, तेच उद्या बोट दाखवून स्टिक मागणार!

परीक्षा नऊ दिवसांवर आली आणि एका सकाळी त्यांना पलंगावरून उठताच येईना. बायकोने कसंबसं उभं केलं, रिक्षात घातलं आणि थेट बाईंच्या खोलीत आणलं.

"सांगा," ती दारातच म्हणाली. "अहो, सांगा, नाहीतर मी सांगते."

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, दोन वर्षं झाली, यांचे मोजे मी घालते. डावा पाय वळतच नाही यांचा."

बाईंनी त्यांना झोपवलं. या वेळी कंबरेवर हात दाबून धरला आणि पाय बाजूला न्यायला गेल्या. पाय जागचा हलला नाही.

"हा हात मी पहिल्याच दिवशी ठेवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही मास्तर, म्हणून भीड वाटली. पण मास्तर, का? का केलंत असं?"

"कागद कमिटीकडे गेला असता."

"कुठला कागद? तो माझ्या कपाटात असतो. कमिटीतलं कुणी आजवर या खोलीत आलेलंसुद्धा नाही." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "हा खुबा सोडवायला तीन महिने पुरले असते हो. कमी वळून मारायचा आखूड स्विंग बसवून दिला असता, ऐंशीत सहज आला असतात. आता पाठच दुखावलीय. चार महिने तरी स्टिकला हात लावायचा नाही."

मास्तरांना रडू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. बायकोने त्यांच्या हातातली टोपी काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानावर नव्हते. ते बाईंच्या खोलीत जमिनीवर उताणे पडले होते. नवं पत्रक एका ओळीचं होतं: गुडघा दुमडायचा आणि बाहेरच्या बाजूला सावकाश सोडायचा. खिडकीतून पहिल्या फटक्याचा आवाज आला. आवाजावरून मास्तरांना कळलं, चेंडू बरोबर मधोमध लागलाय. पुढच्या महिन्यापासून जो त्यांच्या शिष्यांना शिकवणार होता, त्याचाच तो फटका होता.

"गेला का गुडघा खाली?" बाईंनी विचारलं.

"गेला थोडा."

बाई पेन हातात धरून तशाच बसून राहिल्या.

"नाही गेला," मास्तर म्हणाले. "अजिबात नाही गेला, बाई. लिहा."