नमुना आठचा कागद

यावलच्या स्टँडवर आबांनी माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या. एक कच्च्या केळ्यांची जड पिशवी, जी मी नको नको म्हणत होते, आणि दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेला एक कागद. चोपड्यामार्गे धुळ्याला जाणारी बस लागली होती, कंडक्टर घाई करत होता आणि आबा मात्र सावकाश सांगत होते, "हा कागद जपजो. घर तुह्या नावावर हाये. कोनाच्या बापाले भ्यायचं नही."

"माझ्या बापाला तरी भिऊ का?" मी विचारलं. ते हसले नाहीत. आई बाजूला पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. बस सुटली तेव्हा तिने हात हलवला नाही. हात हलवला की माणूस लांब जातं, अशी तिची समजूत आहे. मी मात्र खिडकीतून चांगला दोन्ही हातांनी हलवला.

तो कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. गावातलं कुठलं घर कोणाचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. लग्न मोडून मी माहेरी आले त्याच वर्षी आबांनी राहतं घर बक्षीसपत्र करून माझ्या नावावर केलं. भाऊ-वहिनी शेजारीच वेगळे राहतात, ती माणसं वाईट नाहीत. पण सासरच्या दारातून मला एकदा 'निघ' म्हटलं गेलं होतं आणि तो शब्द आबांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. पुन्हा आपल्या लेकीला कोणी निघ म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्या घरावर माझ्याआधी आबांचं नाव होतं, आबांच्या आधी त्यांच्या वडिलांचं. आईचं नाव कुठेच नव्हतं आणि ते कोणाच्या, माझ्याही, लक्षात आलं नव्हतं.

परदेशी गेलेल्यांच्या आठवणी वाचल्या की मला जरा संकोचच वाटतो. मी गेले कुठे, तर धुळ्याला. सकाळी निघालं तर जेवायला पोचता येतं. पण गावातल्या बायका फोनवर विचारतात ना, "परक्या मुलखात कसं वाटतं गं?", तर ते अगदीच चूक नाही. आम्ही यावलकडचे 'आहे'ला 'हाये' म्हणतो, इथे 'शे' म्हणतात. सगळं म्हणजे 'बठ्ठं'. पहिल्या आठवड्यात दवाखान्यात एका आजीने मला "बठ्ठं दुखी ऱ्हायनं" सांगितलं आणि मी 'बठ्ठं' म्हणजे बसणं समजून तिला बसायला सांगितलं. आता माझ्याच तोंडात शे इतकं बसलंय की गावी गेले की वहिनी चिडवते.

परकं वाटायचं ते खोली शोधताना. मी एका खासगी दवाखान्यात कंत्राटी नर्स. पगार बरा, ड्यूटी तिन्ही पाळ्यांत. घरमालकीण दारातच विचारायची, "एकलीच शे का? नवरा कोठे शे?" मी मुळातली फटकळ. म्हणायचे, "नवरा नाही, नोकरी आहे." एक जण मनापासून हसली, चहा पाजला आणि खोली दुसऱ्याला दिली. पाच वर्षांत मी चार खोल्या बदलल्या. गॅसची शेगडी, कॉट आणि कपड्यांची दोन बोचकी टेम्पोत टाकायची इतकी सवय झाली की भिंतीला खिळा ठोकणंच सोडून दिलं. देवाचा फोटोसुद्धा खुर्चीवर.

मग दवाखान्यातल्या एका सिस्टरने एका संस्थेचं सांगितलं. हायवेपासून आत, कमावत्या पण तुटपुंज्या मिळकतीच्या लोकांसाठी त्यांनी तीन मजली इमारत बांधली आहे. घरं लहान, हप्ते झेपतील असे, आणि एकट्या बाईला नाही म्हणत नाहीत. अर्जासोबत इन्कम टॅक्सचं रिटर्न लागतं. ते भरता येत नसेल तर उन्हाळा संपता संपता संस्थेतच फुकट भरून देतात. मी कधी भरलंच नव्हतं. दवाखाना दर महिन्याला कर कापतो तो गेलाच, असं मी धरून चालले होते.

संस्थेत गेले तर टेबलापलीकडे नाना बसले होते. कर सल्लागाराच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेले, बिनसाखरेचा चहा पिणारे. माझे कागद बघून म्हणाले, "ताई, हे कापलेले पैसे परत मिळतात. इतकी वर्षं झोपल्या होत्या का?" मी म्हटलं, "झोपायला खोली कुठे होती?" तेव्हा ते चष्म्यावरून बघून हसले. मग एकेक रकाना भरता भरता त्यांनी सहज विचारलं, "नावावर घर शे?"

"हो, आहे ना!" मी म्हटलं. अगदी ताठ मानेनं.

आपल्याकडे मीठ संपलं तरी संपलं म्हणत नाहीत, मीठ आणायचंय म्हणतात. तर आई-बाप जिवंत असताना घर नाही असं कोण म्हणेल? मी पर्समधून आबांचा कागदही काढून दाखवला. नानांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ज्याच्या नावावर घर असतं, त्याला इथलं घर मिळत नाही. तुम्ही अर्ज नीट वाचला नाही."

मी म्हटलं, "मग नका लिहू. गावाकडचं कोणाला कळतंय?"

"कळणार नाही," नाना म्हणाले. "पण तुम्ही मला सांगितलंय. आता मला कळलंय ना." आणि त्यांनी लिहिलं. मला त्यांचा असा राग आला की चहा अर्धा टाकून उठले. जिन्यापर्यंत ते मागे आले. म्हणाले, घर रक्ताच्या माणसाला देता येतं. खरं कारण लिहून अर्ज करता येतो. समिती घरी येऊन चौकशी करते, मग ठरवते. हो म्हणेल याची खात्री मात्र नाही. म्हणजे आधी हातातलं सोडायचं आणि मग वाट बघायची.

गावी जाऊन हे आबांना सांगणं, त्यापेक्षा दोन पाळ्या सलग केलेल्या बऱ्या. ऐकल्यावर ते केळीचे खुंट मोजत असल्यासारखे बागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्या देल्लं ते तुले नको झालं." मला रडू आलं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही दिलं म्हणून तर मी घाबरले नाही इतकी वर्षं. पण मला खिळा ठोकायचाय कुठेतरी."

"अन् त्याहीनं नही म्हटलं तं?"

"तर भाड्याने राहीन."

"मग घर कोनाले देशीन? मले? मी आज हाये, उद्या नही."

तेवढ्यात आई भाकरीची टोपली घेऊन आली, कोणाचं काय चाललंय ते न विचारता तिने आमची ताटं वाढली आणि स्वतः चुलीपाशी बसली. त्या घराचं अंगण ती चाळीसेक वर्षं सारवत आली आहे. मी म्हटलं, "आईला."

आबांनी आईकडे असं पाहिलं, जसं घरात कोणी नवीन माणूस आलंय. आई म्हणाली, "मले काय करायचं? मी तं इथंच हाये." पण भाकरी तिच्या हातात तशीच राहिली.

कराचे परत आलेले पैसे मी त्या बक्षीसपत्रावर खर्च केले. यावलच्या नोंदणी ऑफिसात भावाने साक्षीदार म्हणून सही केली. आईने नाव लिहिलं, इंदूबाई. लिहून झाल्यावर बोट तसंच नावाखाली ठेवून बसली. पुढचा माणूस खोळंबला होता, तरी उठेना.

समितीचे तिघे माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. एका बाईंनी खुर्चीवरचा देवाचा फोटो पाहिला आणि विचारलं, "आम्ही नाही म्हटलं तर पस्तावणार नाही?" मी म्हटलं, "घर मिळालं नाही याचं वाईट वाटेल. आईला दिलं याचं नाही." त्यानंतरचे दोन महिने फोन वाजला की मी आधी संस्थेचा नंबर आहे का ते बघायचे. पत्र आलं तेव्हा मी ते दवाखान्याच्या जिन्यात वाचलं आणि पहिला फोन नानांना केला. ते म्हणाले, "बरं झालं. आता पुढच्या वर्षीचं रिटर्न वेळेवर भरा."

आई-आबा घर बघायला आले. आबांनी सगळे नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या, गच्चीवर जाऊन टाकी पाहिली आणि मग स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. तो जरा तिरका गेला आहे, मी सरळ करणार नाही. आता कुठल्याही फॉर्मवर कायमचा पत्ता लिहिताना मी धुळ्याचा लिहिते आणि हात अडखळत नाही. गाव सुटलं असं मात्र वाटत नाही. उलट, कधी नव्हे ते आता मला जायला माहेर आहे.

परतीच्या दिवशी त्यांना सोडायला मी धुळ्याच्या स्टँडवर गेले. या वेळी पिशवी माझ्या हातून त्यांच्या हातात गेली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर आई म्हणाली, "दिवाळीले माह्या घरी येजो."

आबा तिच्याकडे वळले. "माह्या घरी? अन् मी कुठी जाऊ?"

"तुम्ही बी राहा," आई म्हणाली. "तुमाले कोन निंघ म्हनते?"

आबा इतके हसले की पुढच्या सीटवरची माणसं मागे वळली. बस सुटली. मी तिथेच उभी होते, आणि या वेळी मी हात हलवला नाही.