दोन ओळींच्या मधला माणूस

समोरच्याला त्याचं बोलणं पुरं करू देणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच आहे असं माझं ठाम मत होतं, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. दोहाच्या अल मुंतझा भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये वसईचे एक अंकल आणि आंटी होते. अंकल एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे पाच भाषांत म्हणण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता मी नाशिकची, चार बहिणींतली तिसरी. आमच्या घरी ज्याला बोलायचं असेल त्याने दुसऱ्याच्या वाक्यात घुसायचं, नाहीतर जन्मभर गप्प बसायचं, असा कायदा होता. त्यामुळे हा माणूस मला सुरुवातीला फार जड गेला. मी काही विचारलं की माझं बोलणं खरंच संपलंय का, याची ते आधी खात्री करून घेत. तेवढ्यात मला आणखी काहीतरी सुचायचं, मी ते बोलायचे, की स्वारी पुन्हा थांबायची. "एसीवाल्याचा नंबर आहे का हो?" या साध्या प्रश्नाचं उत्तर मला लिफ्टचं दार लागता लागता मिळालेलं आहे. फोनवर तर विचारूच नका. लोक "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" करून कंटाळून फोन ठेवत. माझी मुलगी इंग्रजी शाळेतली, मराठी सगळं कळतं पण तोंडातून निघेल तर शपथ. तिने एकदा त्यांच्यासमोरच जाहीर केलं, "ममा, अंकल इज बफरिंग." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंकलनी तिचं वाक्य संपल्याची खात्री करून घेतली आणि मग ते मनापासून हसले.

गाडी चालवतानाही तीच तऱ्हा. दोहाच्या राउंडअबाउटवर जो थांबला तो थांबला, हे इथं पोरासोरांनाही माहीत आहे. एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला बाजारात सोडायला नेलं, तर वळणाच्या तोंडाशी गाडी उभी करून ते शांतपणे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत बसले. मागची मोठी पांढरी गाडी दिवे मारून मारून थकली. "अहो अंकल, यल्ला! यल्ला! निघा लवकर!" मी मागून ओरडले. "जाऊ दे गं बाय," ते म्हणाले, "त्यांची ओळ संपू दे." ही ओळ काय भानगड आहे, ते मला त्यांच्या घरी संध्याकाळी चहाला गेल्यावर कळलं.

अंकल हवाईन गिटार वाजवायचे. म्हणजे उभी धरून खाजखाज करतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवायची, की सूर तुटत नाही, नुसता वाहत जातो. त्याची तयारी एखाद्या मुंजीसारखी चाले. हाताची नसलेली लाकडी खुर्ची, इस्त्रीची पँट, घड्याळ काढून टेबलावर, हातांना चिमूटभर पावडर. मी म्हटलं, "अय्या, ही तर आमच्या रेडिओवरची! दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की सिनेमाची गाणी वाजायची हिच्यावर. वाजवा ना एखादं अख्खं गाणं." अंकल थांबले. मग आंटींकडे बघून म्हणाले, "गाणं ही म्हणते. मी मधलं वाजवतो."

आंटी गायच्या, आणि काय गायच्या! चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला गाणाऱ्यांत तर त्या असायच्याच, पण घरी त्यांची गाणी वेगळी, अमेरिकेतल्या गुराख्यांची आणि ट्रक हाकणाऱ्यांची, ज्यांना इंग्रजीत कंट्री म्हणतात ती. वसईच्या केळीच्या वाड्यांत वाढलेल्या माणसांचा आणि त्या गुराख्यांचा संबंध काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्यांच्याकडच्या लग्नांत म्हणे ही गाणी झाल्याशिवाय नवरानवरी जेवायला बसत नाहीत. आंटी एक ओळ म्हणायच्या, श्वास घ्यायला थांबायच्या, आणि त्या थांबण्यात अंकलची गिटार हलकेच येऊन दोन शब्द बोलून जायची. पुढची ओळ सुरू झाली की ही गप्प. एकदाही तिच्या पायात पाय नाही. अंकलनी मला समजावून सांगितलं होतं, तेही माझे सगळे प्रश्न संपल्यावर: "हे वाद्य समुद्रातल्या बेटांवरचं. जहाजातून अमेरिकेत गेलं आणि या गाण्यांत जाऊन बसलं. कारण गाणारा पडला राकट बाप्या. घर सुटलं, बायको गेली, सगळं सांगतो, पण ओळ म्हणताना रडता येत नाही ना? म्हणून त्याची ओळ संपली की हे रडतं. त्याच्या वतीनं." मग जरा लाजून म्हणाले, "मी हिला पहिल्यांदा एका लग्नात ऐकलं. बोलायची छाती नव्हती. ती श्वास घ्यायला थांबायची, तेवढ्यात जे सांगता येईल ते सांगायचो." आंटी आतून म्हणाल्या, "वर्षभर मला वाटत होतं, याला बोलताच येत नाही!"

या मधल्या जागेवर त्यांची किती निष्ठा, त्याची एक गोष्ट सांगते. इस्पितळातल्या नाताळच्या पार्टीत एक फिलिपिनो सहकारी गायला उभा राहिला. त्याचा दम असा दांडगा की एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू. अंकल कोट घालून, कांडी तारेवर टेकवून अख्खं गाणं नुसते बसून राहिले. एक सूर म्हणून वाजवला नाही. घरी परत आले ते खुशीत. "आज जागाच मिळाली नाही," मला म्हणाले, "पण काय गायला हो पोरगा!" मी असते तर त्या पोराचा माईक काढून घेतला असता.

दोन वर्षांपूर्वी आंटींच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. ऑपरेशन चांगलं झालं, गाठही साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी तशी शक्यता आधीच सांगितली होती. कुजबुजीसारखं, घासलेलं बोलणं तेवढं उरलं. त्यांनी मिस्सेचं गाणं सोडलं, फोन घेणं सोडलं, भाजीवाल्याकडे बोट दाखवायला लागल्या. मला वाटलं, आता गिटारही बंद होणार.

तसं झालं नाही. महिन्याभराने संध्याकाळी भिंतीपलीकडून सूर आला, छोटासाच, आणि थांबला. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा तेवढाच सूर. पुन्हा शांतता. आमचे हे रास लफानच्या गॅस कारखान्यातून कंपनीच्या बसने आंबून आलेले. म्हणाले, "हा माणूस अर्धंच काय वाजवतो?" मला मात्र लगेच कळलं. अंकल आपलं मधलं तेवढं वाजवत होते. आंटींच्या ओळीच्या जागी, ती ओळ जितकी लांब असायची तितका वेळ, हात उचलून थांबत होते. हे रोज. मी एकदा धीर करून म्हटलं, "अंकल, आता पूर्णच वाजवत जा ना, रेडिओवर वाजायचं तसं. छान वाटेल." ते म्हणाले, "ती ओळ तिची आहे." "अहो पण आंटी आता..." एवढं बोलून मी अडखळले. अंकल माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत उभे राहिले. ते वाक्य मला पुरं करता आलं नाही.

मला ते फार थोर वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आपल्यासाठी कोणी अशी जागा धरून ठेवली तर बाईने आणखी काय मागावं! पण एकदा मी आंटींबरोबर पापडी सोलत बसले होते. बाहेरच्या खोलीत गिटार सुरू झाली आणि आंटींचे हात थांबले. "रोज माझी जागा येते," त्या त्यांच्या त्या घासलेल्या आवाजात म्हणाल्या. "येते आणि जाते. शाळेत हजेरी घेताना आपलं नाव पुकारावं आणि आपल्याला हजर म्हणता येऊ नये, तसं होतं गं मला." मी म्हटलं, "मग सांगा ना त्यांना!" त्या हसल्या. "मी बोलायला लागले की तो थांबतो. सगळं शांत होतं, आणि मग माझा हा आवाज मलाच ऐकू येतो. तूच सांग. तू कोणाच्याही मध्ये बोलू शकतेस." ही माझी स्तुती होती की काय, ते मी विचारलं नाही.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्याच दिवशी मी अंकलना जिन्यात गाठलं. "माझं ऐकून घ्या आणि कृपा करून थांबू नका," म्हणून जे सुटले ते सगळं सांगून टाकलं. त्यांना आता गाता येत नाही हो अंकल, तुम्ही रोज जागा ठेवता म्हणजे रोज त्यांना गायला सांगता, ती ओळ आता तुम्हीच घ्या. अंकल ऐकत होते. माझं सगळं संपू दिलं. मग म्हणाले, "मी तिची ओळ घेतली, तर ती कुठे जाणार?"

मी घरात येऊन रडले. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा अर्धा आवाजही बंद पडला. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. "तुला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" हे म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी उलट उत्तर दिलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं एकुलतं एक बोलणं मी बंद पाडलं, असं मला वाटत राहिलं. अंकल भेटले की नेहमीसारखे हसायचे, त्याने तर जास्तच लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात अंकल निवृत्त झाले. खलास, आता वसई, असं ठरलं. जायच्या आदल्या शुक्रवारी मी दुपारचं जेवण त्यांच्याकडे घेऊन गेले, कारण त्यांचं स्वयंपाकघर खोक्यांत गेलं होतं. आमटीभात झाला. अंकल गिटार पेटीत ठेवायला वाकले, तेव्हा खोक्यावर बसलेल्या आंटी म्हणाल्या, "बंद करायच्या आधी एकदा वाजव." अंकलनी घड्याळ काढलं. गिटार मांडीवर घेतली, कांडी तारेवर टेकवली आणि आंटींकडे बघत राहिले. हात हलेना. मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच.

मग आंटींचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. आणि त्यांच्या ओठांबरोबर कांडी सरकायला लागली. अंकल आंटींची ओळ वाजवत होते. आंटींना शब्दाला जरा खालून येऊन चढायची सवय होती, ती सवय तारेवर जशीच्या तशी आली. ओठ मिटले तिथे त्यांनी कांडी उचलली. त्यांची स्वतःची जागा आली, जिथे आयुष्यभर ते बोलले होते ती, आणि ती त्यांनी रिकामी सोडली. दुसरी ओळ वाजवली, पुन्हा रिकामी सोडली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि देवाची शपथ, मी एक शब्द बोलले नाही.

तिसऱ्या ओळीनंतर त्या रिकाम्या जागेत काहीतरी आलं. घासलेलं, फाटलेलं, मोठ्या श्वासाएवढंच. सूर म्हणावा की नाही, मला सांगता यायचं नाही. आंटी खोक्याची कड धरून बसल्या होत्या आणि गिटारीचं मधलं त्या म्हणत होत्या. अंकलची मान खाली होती. ते थांबले, आंटींचं पुरतं संपू दिलं, आणि मग पुढची ओळ घेतली.