लेकरं झोपवणारे मामेसासरे

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत जेवढी लेकरं रात्री नवाच्या आत झोपतात, त्यांतली निम्मी आमच्या मामेसासऱ्यांच्या धाकानेच झोपतात. हा अंदाज मामांचा आहे, माझा नाही. मी हिशेबाचा माणूस. मोजल्याशिवाय बोलत नाही. पण गेली कितीतरी वर्षं मी त्यांना जवळून पाहतो आहे, त्यामुळे एवढं नक्की सांगू शकतो की नऊ वाजून गेल्यावर जागं असलेलं मूल मामांना दिसलं, तर त्यांना स्वतःच्या घराला आग लागल्यासारखं वाटतं.

मामा वीज खात्यात अभियंता होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरी उजेड पोहोचवला आणि निवृत्त झाल्यापासून ते घरोघर जाऊन दिवे बंद करत असतात. पाहुणे म्हणून आले की "कसे आहात" वगैरे विचारत नाहीत. चप्पल काढता काढताच विचारतात, "पोट्टे काल किती वाजता झोपले?" मग मुलाला खिडकीपाशी नेऊन त्याच्या डोळ्यांखालचा रंग पाहतात. संध्याकाळी मुलांना चहा दिलेला त्यांना चालत नाही, जेवण झाल्यावर मोबाइल दिलेला चालत नाही, आणि "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" असं म्हणणाऱ्या आजीला तर ते सरळ सांगतात, "आजीबाई, भ्याव दाखोल्यावर कोनाले झोप येते? तुमाले येईन काय?" लग्नातही तेच. परतवाड्याच्या एका लग्नात हळदीच्या रात्री डीजेवर नाचणारी सगळी बच्चेकंपनी त्यांनी गोळा केली आणि मंगल कार्यालयाच्या एका खोलीत ओळीने झोपवली. ती खोली नवऱ्या मुलाची होती. नवरा मुलगा त्या रात्री स्वयंपाकघरात, कांद्याच्या पोत्यांशेजारी झोपला आणि फोटोंत शेवटपर्यंत डोळे चोळताना दिसतो.

कूलरवर मामांची फार श्रद्धा. त्याच्या एकसुरी घरघरीने लेकरू शांत झोपतं, हे त्यांचं निरीक्षण, आणि ते खरंही आहे. पण शेजारच्या जुळ्या मुलांना त्यांनी उन्हाळाभर या आवाजाची अशी सवय लावली की डिसेंबरातही ती कूलर लावल्याशिवाय डोळे मिटेनात. शेवटी मामांनी कूलरमधलं पाणी काढलं, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि तो चालू ठेवला. जुळी कानटोप्या घालून, गोधडीत शिरून गाढ झोपली. त्यांचे वडील मात्र विजेचं बिल घेऊन मामांकडे आले. मामांनी बिल नीट पाहिलं आणि म्हणाले, "रीडिंग बरोबर हाये."

आमच्याही घरी अमरावतीला एकदा त्यांनी उपकार केले. आमची मुलगी तेव्हा पाचवीत होती आणि सकाळच्या शाळेत बाकावर पेंगते अशी तक्रार आली होती. मामांनी एक दिवस घर पाहिलं. माझी आई मालिका पाहत होती, बायको फोनवर होती, मी बातम्या ऐकत होतो. "पोट्टी झोपवाची असन तं आंधी घर झोपवा," असं म्हणून त्यांनी सरळ मेन स्विच पाडला. मे महिना होता. दिव्यांबरोबर पंखे आणि कूलरही बंद पडले. पाच मिनिटांत सगळं घर घामाने निथळत गच्चीवर आलं. पण खरं ते खरं. गच्चीवर बोलायलाही कुणाला त्राण नव्हतं, आणि सगळ्यांत आधी मुलगीच झोपली. तेव्हापासून आमच्याकडे साडेआठला टीव्ही बंद होतो. मेन स्विचला मात्र मी कुलूप लावून घेतलं आहे.

आणि ती रेल्वेची गोष्ट. अकोल्याहून आमच्याकडे येताना डब्यात एक किरकिरं बाळ होतं. मामांनी ते मांडीवर घेतलं आणि मूर्तिजापूर यायच्या आत झोपवलं. त्याच्या आईला बडनेऱ्याला उतरायचं होतं. गाडी थांबली, ती उठली, तर मामा म्हणाले, "थांब माय, आत्ता कुठं डोया लागला त्याचा." ती बिचारी थांबली. गाडी थांबली नाही. तिघंही धामणगावला उतरले, आणि मामा त्या दोघांना परतीच्या गाडीने बडनेऱ्यापर्यंत सोडून मग आमच्याकडे आले. "बाळ उठलं का मग?" मी विचारलं. "कायले उठते!" मामा अभिमानाने म्हणाले.

अशा या माणसाला स्वतःच्या नातीला झोपवायची संधी मात्र कधी मिळाली नव्हती. मुलगा पुण्याला, सून पुण्याला, येणं-जाणं सणापुरतं. यंदाच्या उन्हाळ्यात सहा वर्षांच्या नातीला आठवडाभर अकोल्याला ठेवायचं ठरलं. जमलं तर पुढच्या वर्षी महिनाभर ठेवू, असं सून म्हणाली होती. मामांनी खिडक्यांना जाड पडदे शिवून घेतले, शेजाऱ्यांना ताकीद दिली, गल्लीतल्या कुल्फीवाल्यालाही घंटा न वाजवता जायला सांगितलं.

आणि नात झोपेचना. मी आणि बायको चौथ्या दिवशी तिथे पोहोचलो तेव्हा मामांचा चेहरा उतरला होता. कूलर झाला, गोष्टी झाल्या, पायाला तेल लावून झालं. पोरगी गुपचूप पडून राहायची, पण फाटकापाशी गाडीचा आवाज आला की मान वर. मामी म्हणाल्या, "गावाचे पोट्टे झोपवले, अन् घरची पोट्टी तुमालेच जागवून राह्यली! तिले कोनी इचारलं काय, काहून झोपत नाही म्हनून?"

मामांनी हे खरंच विचारलं नव्हतं. ते पलंगावर बसले. "काहून वो माय, झोप नाही येत?"

"बाबा आल्याशिवाय मी झोपत नाही," नात म्हणाली.

"पन बाबा तं पुण्याले हाये."

"म्हणून तर."

मामांनी मुलाला फोन लावला. तो ऑफिसातच होता. "बाबा, मीटिंगमध्ये आहे. नंतर करू?"

"तुह्या मीटिंगीले सांग, पोट्टी जागी हाये."

पलीकडे खुर्ची सरकली, दार लागलं. मामांनी फोन नातीच्या उशीवर ठेवला. "बाबा, तू घरी आलास?" तिने विचारलं. "निघालोच," तो म्हणाला. मग आज डब्यात कुठली भाजी होती, लिफ्ट पुन्हा कशी बंद पडली, असलं काहीबाही सांगत राहिला. लिफ्ट दुरुस्त व्हायच्या आत नात झोपली.

मामांनी फोन अलगद उचलून कानाला लावला.

"झोपली का?"

"झोपली."

दोघांनीही फोन ठेवला नाही. "जेवला काय तू?" मामांनी विचारलं. "जेवतो आता." "घरी जाय मंग. जेव, अन् तूबी झोप. आवाज थकला तुहा."

तो म्हणाला, "बोला ना बाबा अजून थोडं. आज ऊन कसं होतं तिकडे?"

एरवी मुलाशी मामांचं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. त्यांनी आवाज खाली आणला आणि अकोल्याचं ऊन सांगायला लागले: रस्त्यावरचं डांबर कसं मऊ झालं होतं, दुपारी चिटपाखरूही कसं दिसत नव्हतं. मामींनी आम्हाला खुणेने आत बोलावलं. दाराआडून मामांचा आवाज येत होता, संथ, थांबत थांबत, समोरचा अजून जागा आहे का याचा अंदाज घेत.