पातळ हवेतल्या दोन गाई

आक्का, आधी माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, मला अजून कळत नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि उजव्या हाताची दोन बोटं आता नीट मिटत नाहीत. फोनवर बोलताना आजूबाजूला माणसं असतात, आणि माणसांसमोर माझा आवाज निघत नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहिते. एकटीच वाच.

आम्ही लेहला निघालो ती सकाळ आठवते? उरवड्याच्या रस्त्यावर, कंपनीच्या गेटासमोर ट्रक उभा होता आणि चांदी गाय फळीवर चढेना. आमच्या मालकांनी, म्हणजे तुझ्या मेहुण्यांनी, तिची शेपटी पिरगळली. ट्रकवाल्याने तोंडावर काठ्या घातल्या. ती उसळली, लोखंडी दांड्यावर आपटली आणि तिचं शिंग मुळापासून तुटलं. रक्ताची चिळकांडी तुझ्या पदरावर उडाली. तू पदर झटकलास आणि मला म्हणालीस, “दात घासाया तितं कडुलिंब तरी हाय का गं? न्हाईतर बोळकं घिऊन यशील.”

कंपनीत गेलेल्या जमिनीच्या पैशातला तुझा वाटा त्या दोन गाईंत घातला होता. मालक म्हणाले होते, “लेहला लष्कर हाय, हाटेलं हायेत, अन् समदे पावडरचं दूध पित्यात. आक्काचं पैसं लगीच फेडू.” चांदी जर्सी होती. गौरीला मात्र त्यांनी मुद्दाम आपल्या घाटमाथ्यावरून निवडून आणलं. डोंगरातली गाय डोंगरात रुळेल, असा त्यांचा हिशेब. आम्हाला डोंगर एकच माहीत होता.

लेहला पाण्याची बादली उचलली की माझी छाती फुटायला यायची. दुकानात मी नुसतं बोट दाखवायचे. आमची घरमालकीण म्हातारी होती, तिला सगळे आमाले म्हणतात, म्हणजे आई. ती मला बसवून खारट चहा पाजायची.

थंडीच्या तोंडावर चांदीचं दूध आटलं. मग गळ्याखाली, पुढच्या पायांच्या मधे सूज उतरली. दाबलं की बोट रुतायचं. मालक म्हणाले, “घटसर्प.” आपल्याकडे गळा सुजला की जे करतात तेच त्यांनी केलं. शेगडीत विळा लाल केला आणि डाग द्यायला लागले. दावं मी धरलं होतं. कातडं चरचरलं, धूर निघाला. ती लाथा झाडत भिंतीला धडकली, मग गुडघ्यांवर कोसळली. तोंडातून तांबडा फेस आला, जीभ निळी पडली. दावं माझ्या हातात होतं तेव्हाच ती मेली.

थोड्याच दिवसांत गौरीचा गळा सुजला. ती गेली असती तर तुझं सगळंच गेलं असतं. आमाले हात जोडून म्हणाली, “इसको नीचे ले जाओ बेटा, यहाँ की हवा इसकी नहीं है।”

“हिचीच नजर लागली माज्या गाईला!” मालकांनी तिला ढकललं. तिचं कपाळ चौकटीवर फुटलं. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर दाव्याने माझी पाठ फोडली. मग लाल विळा घेऊन गौरीकडे गेले. मी मधे शिरले आणि विळा धरला. हातात पातं आलं.

“सोड! हात जळतुया, येडे!”

“तुमी सोडा आदी.”

लग्नानंतरचं माझं ते पहिलं उलट उत्तर. आधी त्यांनी सोडला.

आमाले कपाळाला फडकं बांधून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी गौरीच्या मानेची फुगलेली शीर दाखवली. म्हणाले, इथल्या हवेत दम कमी. खालून आलेल्या गाईच्या फुप्फुसातल्या नळ्या आवळतात, त्यांतून रक्त ढकलून ढकलून काळीज थकतं, आणि पाणी गळ्याखाली साचतं. अशा जनावराला डाग देणं म्हणजे मारणंच. मालक पुटपुटले, “पर ही बी डोंगराचीच हाय, सायेब.” डॉक्टर हसले नाहीत. तुमच्या डोंगराचा माथा या गोठ्याच्या किती खाली आहे, ते त्यांनी समजावलं. याकाच्या, इथल्या बुटक्या गाईंच्या नळ्या अशा आवळत नाहीत. तो गुण आईबापांकडून वासरात उतरतो. ज्यांच्यात नव्हता ती जनावरं पिढ्यानपिढ्या मरत गेली, उरलेल्यांची ही वासरं. मला चांदीची निळी जीभ दिसली.

गौरीला नदीकाठाने खाली जर्दाळूच्या गावात नेलं. तिची सूज ओसरली. तिच्या बदल्यात तिथल्या शेतकऱ्याने झोमो दिली. झोमोचा बाप याक, आई गाय. बापाचा दम, आईचं दूध. मालक म्हणाले, “शेळी बी हसंल इतकुसं दूध.” पण ते घट्ट होतं, लोणी भरपूर निघायचं. आमालेने मला ते काढायला शिकवलं, हॉटेलांच्या दारात नेऊन उभंही केलं.

त्यानंतर मालकांनी हात उचलला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. उचलला. मी शेणाचं खोरं उचललं, आणि ते त्यांच्या खांद्यात बसलं. आता ते आवाज चढवतात, पण लांबून.

माझी लेक इथेच जन्मली. डॉक्टरांना विचारलं, हिच्या रक्तात उतरेल का इथला दम? म्हणाले, एका जन्मात नाही. ती धावते, ओठ जांभळे करून येते, आणि मी तिला छातीशी धरून बसते. आक्का, घर म्हणजे काय ते मला तेव्हा कळतं. श्वास घेतोय हे जिथे लक्षातही येत नाही, ते घर. इथे मी राहते, कमावते, उलट बोलते. पण प्रत्येक श्वास मला मोजून घ्यावा लागतो.

पैशाचं काढलं की तू म्हणायचीस, “ऱ्हाऊ दे गं, त्या निमित्तानं तरी यशील.” आज लोण्याच्या पैशातून उरलेली रक्कम भाचीच्या फोनवर पाठवली. तुझे सगळे पैसे फिटले. आता येईन ती नुसती तुझ्याकडे येईन.